बोगद्यातल्या ओळी

पाताळपाणीच्या पुढे गाणं तुटायचं.

ट्रान्झिस्टर दमूआत्याच्या मांडीवर,
चामड्याच्या झबल्यात, झबल्याला बारीक भोकं,
आणि भोकांतून येणारा
दुपारचा फर्माइशीचा कार्यक्रम.
कुठल्या कुठल्या गावांची नावं,
त्या गावांतली आमच्यासारखीच घामेजलेली माणसं.
त्या मे महिन्यात सगळ्यांनाच
एकच गाणं हवं होतं.

इंदूरहून खंडव्याला, मामाकडे.
छोट्या रुळांची गाडी,
बाकाच्या पट्ट्या पाठीवर उमटलेल्या,
खिडकीचा गज हात लावू देत नसे.
सुरईला ओला पंचा. डब्यात पुऱ्या, कैरीचा तक्कू,
आणि शेव. आमच्यात शेवेशिवाय
कोणी स्टेशनही ओलांडत नाही.
महूला इंजिन पाणी प्यायचं, आम्ही पन्हं.

मग पहिला बोगदा.
मुखडा संपतो न संपतो तोच
खर्रर्र,
काळोख, धूर,
आणि धुरात आत्याचा आवाज.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती.
दिवसभर लोकांच्या तुटणाऱ्या लाइनी सांभाळायची.
"लाइन गेली म्हणून माणसाला
एकटं सोडायचं नसतं गं," म्हणायची,
"काहीतरी बोलत राहायचं."
म्हणून ती गायची.
गाणं हिंदी, हिचे शब्द मराठी,
चाल साधारण तीच:

गच्चीवर माझे पापड गं ओले,
चंद्रानं येऊन मोजून नेले.

दुसऱ्या बोगद्यात पापडांचे सांडगे व्हायचे.
तिसऱ्यात समोरचे कापडवाले काका
पत्र्याच्या ट्रंकेवर ठेका धरायचे,
त्यांना मराठी येत नव्हतं, तरी
"मोजून नेले"ला बरोबर समेवर यायचे.
मग एकदम ऊन,
आणि रेडिओ शेवटच्या ओळीवर परत,
मध्ये काही घडलंच नाही अशा थाटात.
कालाकुंडला पळसाच्या द्रोणात कलाकंद.
द्रोण चाटून होईपर्यंत बातम्या लागलेल्या.

नंतर ते गाणं भेटत राहिलं तुकड्यातुकड्यानं,
वरातीच्या बँडवर, पानाच्या ठेल्यावर,
शेजारच्या घरात, दार लागण्याआधी.
अख्खं कधी नाही.

परवा निघालो खंडव्यालाच, निहारच्या गाडीतून.
काचा बंद, गारवा,
भेरूघाट कधी उतरला कळलं नाही.
त्यानं यादीच केली होती
उन्हाळी प्रवासाच्या गाण्यांची, त्रेसष्ट.
"तुझ्या काळातली पण घातलीत," म्हणाला,
आणि सव्विसावं
ते लागलं.

इतकं स्वच्छ, की गाणारीनं
श्वास कुठे घेतला तेही कळत होतं.
मुखडा संपला.
मी सवयीनं सीट घट्ट धरली.

पुढे शब्दच नव्हते.
नुसती बासरी.

पन्नास वर्षं मला वाटत होतं
की तिथे काहीतरी सुंदर आहे
आणि आत्याचे पापड त्याच्यावर वाळत पडलेत.
तिथे तर मोकळी गच्ची होती.

फोन लावला. एक्क्याण्णव वर्षांची,
लोकमान्यनगरात, एका कानानं ऐकते.
"कुठे पोचून राहिलात?"
मी सांगितलं गाण्याचं, बासरीचं, पापडांचं.
"मी गायचे? छे.
तू बोगद्यात रडायचीस,
म्हणून काहीतरी पुटपुटत असेन."

मग काहीच नाही.
रेंज गेली असावी,
किंवा ती तशीच बसली असावी फोन धरून.
मी ठेवला नाही.
चोरल नदी मागे गेली, कोरडी ठाक,
पात्रात कुणाचे तरी कपडे वाळत.
"गच्चीवर माझे," मी सुरू केलं, हळूच,
फोन तोंडाशी धरून.

निहारनं आवाज कमी केला.
"हे कुठल्या पिक्चरमधलं?"