चौथं भोक

दुपारी चारला त्याला टेम्पोच्या हौद्यातून आणला,
बटाट्याच्या पोत्यांवर आडवा.
लेओन्सिओ पारिओना, वय एकोणीस.
सकाळी जत्रेत बैल सोडले होते
आणि पोरं पोरांसारखीच वागली होती.
शिंग डाव्या जांघेच्या वर शिरून तसंच वर सरकलेलं.
जखमेवर कुणाची तरी लोकरी टोपी दाबलेली,
टोपीखालून चरबीचा पिवळा पदर बाहेर डोकावत होता,
घरातलं भांडण सांगायला शेजारी आलेल्या पोरासारखा.

उर्कुपाम्पात हवा विरळ.
जिना चढला तरी माणूस धापा टाकतो,
तिथे पोट उघडायचं.
सलाईनच्या पिशव्या मुदपाकखान्यात
सुपाच्या पातेल्यात कोमट होत होत्या.
भूल देणारा एउसेबिओ म्हणाला, घे.
मी घेतलं.

आधी रक्त, मग वास.
वास आला की मोठं आतडं फाटलंय हे कळतं,
कुणी सांगावं लागत नाही.

मग पहिल्यापासून सुरुवात:
जठराखालच्या वळणापासून पुढे,
वीत वीत, हातावरून हात,
आडातून पोहरा ओढावा तसं.
एक भोक. चिमटा.
दुसरं त्याच्या समोरच.
हातभर पुढे तिसरं.
त्यानंतर काही नाही,
थेट शेवटापर्यंत काही नाही.

नेलिदा सुल्का, जिनं मला हे काम शिकवलं
आणि आता गावी गिनीपिग पाळत बसली आहे,
म्हणायची: भोकं जोडीनं येतात.
आकडा विषम निघाला
तर देव चुकला नाही, तू चुकलीस.

मागे फिरले.
एउसेबिओनं घड्याळाकडे बघितलं, मी बघितलं नाही.
चौथं सापडलं आतड्याच्या पाठीशी,
जिथे पडदा येऊन चिकटतो,
रक्ताच्या गाठीखाली, मसुरीएवढं.
मसुरीएवढं!
त्याच्यापायी हा आठव्या दिवशी गेला असता
आणि आम्ही नशिबाला बोल लावला असता.

दोन वीत कापलं. टोकाला टोक जोडलं.
मोठं आतडं मात्र शिवलं नाही,
सहा तास घाणीत लोळलेल्या कापडाला टाका धरत नाही.
वरचं टोक पोटावर आणून मोकळं ठेवलं.
मग धुतलं, पाणी नितळ येईपर्यंत,
आणि नितळ आल्यावर आणखी एकदा.

बाहेर बाकावर त्याची आई, दोन्या फेलिसितास.
बाजाराच्या कोपऱ्यावर गाईची आतडी भाजून विकते,
बोटांना लिंबाचा आणि धुराचा वास.
"किती कापलं?"
मी हात फाकवून दाखवला.
"गाईचं माझ्या अंगणाला दोन वेढे घालतं," ती म्हणाली,
जणू माझी समजूत काढत होती.
मग: "उलटून धुतलंत का?"
"नाही. बाहेरूनच."
ती काही बोलली नाही. पटलेलं नव्हतं.

पोटावरची पिशवी पाहून
बापानं तोंड फिरवलं, बहीण रडत बाहेर गेली.
तिनं कात्री मागितली
आणि पहिल्याच खेपेला बरोब्बर मापाचं भोक कापलं.
नर्सला हे शिकवायला आम्हाला आठवडा लागतो.

चौथ्या रात्री दोन वाजता तिनं मला उठवलं.
"फुगली."
खाटेजवळ आम्ही दोघी उभ्या,
हवेनं टम्म झालेल्या त्या पिशवीकडे बघत.
पोरगा पादला होता.
एवढ्या आनंदानं मी कुणाचं बारसंही जेवले नाही.

तीन महिन्यांनी आतडं परत जोडायला आणला त्याला.
मी सहज विचारलं, त्या बैलाचं काय झालं.
"पुढच्याच रविवारी कापला.
आतडी माझ्याकडेच आली, नेहमीसारखी.
कसायाला काय ठाऊक."
ती पोराचा सदरा घडी करत होती,
बाहीवर बाही, मग कॉलर.
"विकली?"
"धुतली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली,
हातानं चाचपून, दोनदा."
घडी नीट बसेना, तिनं मोडली, पुन्हा घातली.
"कुठेच फाटलेलं नव्हतं," ती म्हणाली.
"सगळं अखंड होतं."