अंदाजे खर्च

क्रेनवाल्याने ती शेडसमोर उतरवली तेव्हा
मागच्या दारातून भुकटी सांडली,
चहाच्या चोथ्यासारखी.
सैफुल म्हणाला, मास्टर, ही गाडी नाही, मसाला आहे.

शेवरोले, एकोणऐंशीची. काळी होती म्हणे.
आता पाठीवर तांबूस, पोटाशी हिरवट,
काचेवर खरवडून उरलेला अर्धा क्रूस.
सायमन डिकॉस्टा बाजूला उभा,
बापाची किल्ली बोटात फिरवत.
"बोल मास्टर, करण्यासारखी आहे का?"

सलमाबादला हा प्रश्न मला रोज विचारतात.
मी तोंडाकडे बघत नाही, लोहचुंबक काढतो.
दारावर चिकटलं. बरं.
चाकाच्या कमानीवर ठेवलं तर गळून पडलं:
आत पत्रा नव्हताच, नुसती थापलेली लांबी.
हातोडीने टकटक करत गेलो.
चांगला पत्रा टणकन बोलतो, सडलेला खोकतो.
ही जागोजागी खोकली.

बेटावरची हवा खारी.
लोकांना वाटतं इथे गाड्या उन्हाने मरतात.
रात्री मरतात, दव पडताना,
कुणी बघत नसताना.

पाठीवर झोपून खाली शिरलो.
चासीच्या दांड्यात बोट घातलं, ते आत गेलं.
सायलेन्सर नाही, ब्रेकची नळी नाही.
फरशी नवी, कमानी नव्या,
रबर मिळालंच तर शारजातून.
मनात आकडे लागत गेले: सातशे दिनार, वर थोडे.
भंगारवाला देईल पंचावन्न.
उत्तर तिथेच झालं होतं.

मग मागे चढलो.
पेटी सरकवायचे रूळ, पितळेचे, सहा.
एकाला टिचकी मारली.
फिरला. फिरतच राहिला.
"बाबाचा हट्ट," सायमन म्हणाला.
"दर शनिवारी ग्रीस. धक्का लागू नये म्हणायचा.
कुणाला लागणार होता, ते त्यालाच ठाऊक."

मीटरवर एकतीस हजार,
किंवा एकदा फिरून पुन्हा एकतीस.
सलमानियाचं शवागार ते मुहर्रकचा कार्गो,
जाऊन येऊन वीस किलोमीटर धरा.
भागाकार मी केला नाही.

ड्रायव्हरची सीट फाटून काथ्या बाहेर.
उजवीकडची कोरी.
कंपनीचं प्लॅस्टिक अजून तिच्यावर,
पिवळं पडलेलं, पण कुठे चुरगळलेलं नाही.
मी सायमनकडे पाहिलं.
"कोण बसणार? बायका-पोरं गावाला.
रूमवाले ड्यूटीवर."

दोन हजार दोन साली, रमजानच्या आधी,
भार्गव पांचाळ पडला, सित्राच्या साइटवर, चौथ्या मजल्यावरून.
देवरुखचा. माझ्या वरच्या खाटेवरचा.
त्याचा इस्त्रीचा शर्ट मी शवागारात पोचवला.
विमानतळावर गेलो नाही.
कफीलच्या मेहुण्याच्या गाडीचा दरवाजा
त्याच दिवशी रंगवून द्यायचा होता.
दरवाजा सुंदर झाला.
कुठे ठोकला होता, शोधून सापडत नव्हतं.

"बाबा नावं लिहून ठेवायचा का?"
"नाही रे. जेवताना म्हणायचा एवढंच,
आजचा हलका होता. आजचा जड."

मी उजव्या सीटवर बसलो.
प्लॅस्टिक फार मोठ्याने वाजलं.
समोर काच नाही, शेडची भिंत,
तिच्यावर सैफुलच्या खडूने उधारीचे आकडे.
सायमन डावीकडून चढला,
सवयीने किल्ली घातली, फिरवली.
काही झालं नाही, होणारही नव्हतं.
तरी त्याने एकदा आरशात मागे पाहिलं.

उतरून वहीचं पान फाडलं:
फरशी, कमानी, चासीचं वेल्डिंग, ब्रेक, रंग – सातशे वीस.
रूळ – हात लावायचा नाही.
उजवी सीट –
इथे पेन अडलं. तो खांद्यावरून वाचत होता.

"करण्यासारखी नाही," मी म्हणालो.
"शुक्रवारी मी मोकळा असतो."