रिकाम्या बाटल्या

याबेलोच्या पशुखात्यात माझं काम साधं होतं.
वहीत दोन रकाने आखायचे,
डावीकडे दिदा हारा, उजवीकडे दिरे,
आणि लिहायचं : गुरं किती,
गेल्या सालापेक्षा उणी की अधिक.

पण बोराना माणसाला असं विचारत नाहीत.
विचारलंच, तर तो आभाळाकडे बघतो,
म्हणतो, आहेत. चहापुरतं दूध होतं.
मोजलेल्या गायीचा माग मरणाला लागतो,
हे मला आईनेच सांगितलं होतं,
तिनेच मला शाळेतही घातलं.

म्हणून आम्ही बाटल्या मोजायचो.
लसीची एक बाटली, पन्नास गुरं.
संध्याकाळी रिकाम्या बाटल्या खोक्यात भरून
कंदिलाशी गुणाकार मांडायचा.
कोणाचीच दृष्ट कोणाला लागायची नाही.

हलाखे दुबा काटेरी कुंपणाच्या तोंडाशी उभा राहायचा,
काठी आडवी धरून एकेक सोडायचा माझ्याकडे.
आकडा नाही, नावं :
तांबडी. तांबडीची कालवड.
कवडी, हिच्यापासून जरा लांब राहा.
एका शिंगाची करडी.
मोरी, बायकोबरोबर आलेली.
मोरीची नात. हिच्या मांडीवर सिंहाचा पंजा आहे, बघ,
इथे बोट घालून बघ.
मी घातलं. चार खाचा, मऊ, केस न उगवलेल्या.
त्या साली त्याच्या दारात चार बाटल्या संपल्या
आणि पाचवी फोडावी लागली.

सहाव्या साली दिदा हारा एकदम खाली आलं.
दिरे तेवढंच वर.
राजधानीतून अस्नाके नावाचा अधिकारी आला,
इस्त्रीचा शर्ट, माझ्या दोन रकान्यांचा रंगीत आलेख.
म्हणाला, दिरेच्या लोकांना काय जमलं ते
दिदा हाराला शिकवायला हवं.
मी मान डोलावली.
आदल्याच महिन्यात दुब्लुकच्या विहिरीवर,
बादल्या हातोहात वर चढत होत्या आणि माणसं गात होती,
तेव्हा रांगेतल्या एका गायीच्या मांडीवर
माझं बोट आपोआप चार खाचांत गेलं होतं.
गवत तिकडे होतं. गुरं गवतामागे गेली होती.
तिला त्या साली दोनदा लस टोचली गेली,
एकदा या रकान्यात, एकदा त्या.
हे मी अस्नाकेला सांगितलं नाही.
दिरेहून दोन प्रशिक्षक नेमले गेले.
त्यातला एक हलाखेचा भाचा.

मग पाऊस चुकला. पुन्हा चुकला.
डावा रकाना उतरला तेव्हा मी सवयीने उजवीकडे पाहिलं.
तोही उतरला होता.
सीमेपलीकडे, मोयालेच्या खाली, माझ्यासारखीच एक बाई
वही राखते, तिला फोन लावला :
तुमच्याकडे आली का आमची गुरं?
ती म्हणाली, मी तुलाच विचारणार होते.

त्या फेरीत बऱ्याच बाटल्या सीलबंद परत आल्या,
खोक्यातल्या वितळलेल्या बर्फात हेलकावत.
हलाखेच्या दारात एक फोडली.
तो तसाच उभा, काठी तशीच आडवी.
नऊ आली. नववी कवडीची पाडी,
तिला मी दोन्ही हातांनी धरून उभी ठेवली.

कुंपण मोकळं झालं, पण तो थांबला नाही.
तांबडी, म्हणाला. तांबडीची कालवड.
काठी उचलत होता, पुन्हा आडवी धरत होता.
करडी. मोरी.
मग अडला. माझ्याकडे वळून विचारलं,
मोरीनंतर कोण यायची गं?
मी सांगितलं.
हां, म्हणाला, आणि काठी उचलली.

फोडलेली बाटली ठेवता येत नाही.
एकेचाळीस गुरांची लस मी वाळूत ओतली,
वाळूने ती लगेच पिऊन टाकली.

रात्री वही उघडली.
दिदा हारा, हलाखे दुबा, बाटल्या : एक.
एक गुणिले पन्नास.
नियम मी केलेला नाही.
पन्नास लिहिले, आणि कंदील मालवला.