अडतिसावं मेंढरू

फेरोच्या या टोकाच्या बेटावर
शाळेला एकच खोली, एकच शेगडी,
सहा इयत्ता मिळून मुलं नऊ.
खिडकीबाहेर अटलांटिक,
तो कुठल्याच इयत्तेत बसत नाही.

पहिलीला मी खडे देते.
होडीत मेंढरं मावतात पाच,
पलीकडच्या कुरणात न्यायची तेवीस.
खेपा किती?
सुन्नुवा खड्यांना हात लावत नाही,
आधी खिडकीतून बघते.
"लाट असली तर एकपण नाही, बाई."
मी फळ्यावर लिहिलं: आधी प्रश्न नीट बघावा.
गेली कित्येक वर्षं हेच सांगत होते,
बघत मात्र नव्हते.

दुसरीत खडे जातात, कागद येतो.
ब्यार्तुरच्या मेंढ्यांना शिंगं, लोकर, पापण्यासुद्धा.
तास संपतो, होडी अजून किनाऱ्यालाच.
मग सांगावं लागतं, हळूच,
की मेंढीऐवजी टिंब चालेल.
त्याला ते पटायला अख्खा हिवाळा गेला,
आणि टिंबालाही त्यानं शेपटी काढली.

पुढे तक्ता. पुढे अंदाज,
चुकला तर खोडायचा नाही,
शेजारी दुसरा लिहायचा,
कुठून आलो ते दिसायला हवं.
खोडरबरं माझ्या खणात, कुलपात.
पालकांची तक्रार आहे.

सहावीत एइदुन एकटाच, खड्यांना हसणारा.
त्याला दिलं:
तीन बेटं. प्रत्येकावर होडीतली निम्मी मेंढरं उतरली,
वर आणखी एक.
शेवटी उरली तीन. निघाली किती?
त्यानं क्ष मांडला.
दुसऱ्या बेटापर्यंत क्ष तरंगला,
मग अर्ध्या मेंढीपाशी बुडाला.
मी गप्प बसले.
एवढं एक शिकायला मला वीस वर्षं लागली.

तो उठला. कान लाल.
पहिलीच्या बाकापाशी जाऊन म्हणाला,
"डबा दे गं जरा."
तीन खडे मांडले आणि उलटा निघाला,
शेवटच्या बेटावरून घराकडे:
एक परत घे, दुप्पट कर.
आठ.
अठरा.
मग डब्याचा तळ लागला.
खडे सदतीसच.

सुन्नुवानं खिशात हात घातला,
सकाळीच पडलेला दुधाचा दात काढला
आणि कळपाच्या कडेला उभा केला.

"अडतीस," तो म्हणाला.
मला नाही, तिला.

"दात परत हवाय," ती म्हणाली.

डब्यात एक खडा वाढवायचा आहे.
किनाऱ्यावरून रोज येते मी,
रोज विसरते.