वहिवाट

डंडीत, टे नदीवरच्या पुलाचे दिवे दिसतात त्या खिडकीशी
रात्री साडेअकराला सर्व्हर बंद केला.
बारा वर्षांत तिसऱ्यांदा.
आधी नक्कल काढली, दोन डिस्कांवर,
मग यादी उघडली.

या जगात जमिनीच्या प्रत्येक चौकोनाला
आपला सातबारा असतो. त्यावर नाव नसतं,
फक्त वहिवाट:
इथे कोणीतरी एकूण किती वेळ उभं होतं.
चार सेकंद. एकवीस सेकंद.
बहुतेक नुसते जाणारे,
डोंगर दिसला की पलीकडे काय म्हणून धावत सुटलेले.

फर्गस म्हणतो, दहा मिनिटांखालचं सगळं पुसून टाक.
नव्या आवृत्तीत चेरीची झाडं आलीयत, खोल गुहा आल्यात,
आणि पोरांना त्या बघायला
तीन तास उत्तरेला चालावं लागतं.
खरंय त्याचं. जुनी माती जुन्याच नियमांत थिजलेली,
तिला कोणी कळवलंच नाही.
पुसलेल्या जागी कोणी पुन्हा पाऊल टाकलं
की जमीन त्याच क्षणी उगवते:
बीज तेच, पीक वेगळं.

दहा मिनिटं, मी टाईप केलं.
मग उगाच एकदा नकाशावरून फिरले.

नैऋत्येला, कोणाच्याच वाटेत नसलेल्या दलदलीत
नऊ मिनिटं चाळीस सेकंदांचा एक चौकोन.
आत मातीचं खोपटं, दोन बाय तीन,
दाराच्या जागी भोक,
एक मशाल (बारा वर्षं जळतेय, तेल कोणी घातलं नाही)
आणि पाटी: आज इथेच झोपतो. सकाळी मला शोधा.
खाली, टॅटीस्कोन४१.
कोण हा? फर्गसलाही आठवेना.

हाताने वगळता आला असता तो चौकोन.
पण ती मेहेरबानी झाली असती,
आणि सातबाऱ्यावर मेहेरबानीचा रकाना नाही.

सर्व्हर पुन्हा चालू केला. एकटीच आत गेले,
होडी वल्हवत, मग कमरेएवढ्या पाण्यातून.
खोपटात वाकून शिरले
आणि उभी राहिले.
वीस सेकंद. वर पाच, हिशेब चुकू नये म्हणून.
बाहेर बेडूकसुद्धा नव्हता; बेडूक नंतरच्या आवृत्तीतले.

मग नांगर फिरवला.

आता तिथे चहूकडे गुलाबी रान आहे
आणि मधे सुरीने वडी पाडावी तसा
दलदलीचा काळपट तुकडा, चारही कडा सरळसोट,
पाणी कडेवरून खाली पडतंय.
दिसायला वाईट दिसतं, फर्गस म्हणाला.

शनिवारी पाहिलं तर वहिवाट तीन तासांवर गेलेली.
मॉरवेननं खोपट्यात कोंबड्या ठेवल्यात.