वाट चुकलेली लाळ

आधी वाटलं, गांधीलमाशी.
हीयुमा बेटावर ऑगस्टात त्या पडलेल्या सफरचंदांना लगडतात
आणि तुझी, मुरी, तेराव्या वर्षीही
सफरचंदं पळवायची खोड गेलेली नाही.
मी तुझा पट्टा एका भोकानं सैल केला.
आठवड्यानं आणखी एका.
मग भोकंच संपली.

हनुवटीखाली लिबलिबीत काहीतरी लोंबत होतं,
फुगायला ठेवलेल्या पिठाच्या गोळ्यासारखं.
दाबलं, तरी तू कण्हला नाहीस.
कण्हला असतास तर बरं झालं असतं.
न दुखणाऱ्या गाठीला मी जास्त भिते.
काल्युचीही दुखत नव्हती.

डॉक्टर समुद्राच्या पलीकडे, हाप्सालूला,
आणि आमच्या रस्त्यावर मोटार एकाकडेच,
उनोकडे. माझ्या दिराकडे.
त्याच्याशी मी सहा वर्षं बोललेले नाही,
होडीच्या एका इंजिनावरून,
जे आता दोघांच्याही कामाचं नाही.

त्याच्या दारात जाऊन म्हटलं, कुत्र्याला न्यायचंय.
त्यानं तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
मागच्या सीटवरची जाळी उचलली
आणि अंगणात भिरकावली.

फेरीबोटीवर कुत्र्यांनी गाडीतच थांबायचं असतं.
आम्हीही थांबलो. सव्वा तास,
खाली, लोखंडाच्या पोटात,
पुढच्या ट्रकमधल्या ओंडक्यांना राळेचा वास,
आणि तुझी लाळ उनोच्या बाहीवर, थेंब थेंब.
"पुसू का?"
"राहू दे."
सहा वर्षांतला आमचा पहिला संवाद. शब्द चार.

डॉक्टरीण त्रीन, नातीच्या वयाची,
तिनं थोडे केस भादरले, सुई घातली.
मी भिंतीवरचं मांजरांचं कॅलेंडर वाचत राहिले,
जुलैच होता अजून तिथे.
उनोनं मात्र नजर हटवली नाही.
आलं ते पू नव्हतं, रक्त नव्हतं.
फिक्या मधासारखी तार,
सुई दूर नेली तरी तुटेना.

"लाळ," ती म्हणाली. "नुसती लाळ.
नळी फाटलीय आत कुठेतरी.
तोंडात जायची, ती कातडीखाली साचतेय.
उपसली तर पुन्हा भरेल, ग्रंथीच काढायला हवी.
वय झालंय, भुलीचा धोका आहेच.
पण हृदय ऐका," आणि नळ्या माझ्या कानात घातल्या.

ऐकलं. घाईत नव्हतं ते.

मग मला हसूच फुटलं, नको तिथे, नको तेवढं.
म्हणजे धुरी दिलेल्या माशाच्या वासानं
तुझ्या तोंडाला सुटलेलं पाणी होतं ते, मुरी,
आणि मी तीन आठवडे त्याला
काल्युच्या नावानं हाक मारत होते.
गुडघे लटपटले. खुर्ची हवी होती.
ती कुणीतरी मागून सरकवली.

आता तुझा डावा गाल खालून उघडा, गुलाबी,
बारा टाके.
डोक्याभोवती ते प्लास्टिकचं नरसाळं,
दाराच्या चौकटीला आपटलास की माझ्याकडे बघतोस,
जणू चौकट मी हलवली.
वाडगा स्टुलावर, म्हणजे मान वाकवायला नको.
काळा पाव बिनमिठाच्या रश्श्यात मऊ केलेला.
रात्री मी चुलीपाशी जमिनीवरच आडवी होते,
पाय खाजवायला उचललास की
झोपेतच धरते.

गळ्यात पुन्हा पट्टा नको, असं त्रीननं बजावलं होतं.
तिसऱ्या दिवशी उनोनं छातीवरून जाणारा साज आणला,
जाळ्याच्या दोरीचा, गाठी कोळ्यांच्या,
मीठ अजून उतरलं नव्हतं.
बरोबर बसला. माप कधी घेतलं, विचारलं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी येतो,
चष्मा कपाळावरून खाली ओढतो,
तुझी हनुवटी तळहातावर घेऊन टाके मोजतो.
"बारा," म्हणतो.
मी कॉफी ओतताना म्हणते, "बारा."

टाके काढून आज आठवा दिवस.
फाटक वाजलं.