चाप

परवान्याच्या फॉर्मवर कारण विचारलं होतं, एका ओळीत.
मी लिहिलं: शनिवार.
कारकून म्हणाला, असं चालत नाही की ओ बाई,
मग त्यानंच लिहून दिलं, स्वसंरक्षण,
आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

शनिवारी पगार असतो.
अक्कलकोट रोडला बावीस माग, एकेचाळीस माणसं,
आणि बँकेतून कारखान्यापर्यंत
स्कूटरच्या डिक्कीत, माझ्या मांडीखाली
त्यांचा अख्खा आठवडा.

त्या शनिवारी तो नीलम नगरच्या वळणावर आडवा आला.
तोंडाला आमच्याच कारखान्याचा टॉवेल,
बी ग्रेड, काठाची वीण सुटलेली.
कोयता दाखवला आणि तेलुगूत म्हणाला,
अक्का, इय्यी.
शिवी दिली असती तर विसरले असते.
लुटणाऱ्यानं अक्का म्हणायचं नसतं.

आता माझ्याकडे पिस्तूल आहे.
तळहाताहून जरासं लांब,
मुठीला खरखरीत, कडक भाकरीच्या पाठीसारखं.
चाप म्हणजे मला आजवर केसांचा ठाऊक होता,
नाहीतर कुणाला लावायचा तो.
हत्तरगी सरांनी तिसरा शिकवला.
तीस वर्षं मुख्यालयात बंदुका पुसल्या त्यांनी,
आता गुडघ्यांना बाम लावतात.
म्हणाले, वहिनी, हिचा घोडा आधी ताणून ठेवायचा नाही.
चापच त्याला उचलतो, चापच सोडतो.
दोन कामं, एक बोट.
म्हणून पहिला ओढा लांब. जड.
अडकलेला बीम फिरवावा तसा.
दुसरा मात्र इतका हलका
की तुम्ही ठरवलंत की त्यानं, कळत नाही.
भ्यायचंच असेल तर दुसऱ्याला भ्या.

रात्री गोळ्या कपाटात बंद करून,
चेंबर दोनदा बघून,
रिकाम्या नळीवर मी रुपयाचं नाणं ठेवते
आणि भिंतीकडे धरून चाप ओढते.
नाणं पडू द्यायचं नाही.
सुरुवातीला पडायचं, फरशीवरून घरंगळत
देव्हाऱ्याखाली जायचं.
मार्कंडेयाकडे माझे नऊ रुपये जमा आहेत.

देगावच्या पुढं मातीचा बांध, बेचाळीस डिग्री.
पहिली गोळी कागदाखाली, मातीत.
दुसरी, तिसरी
नेमकी छातीत.
सर खूश. म्हणाले, पहिलीचं बघू हळूहळू.
मी कागदाकडे बघत राहिले. त्याला तोंड नव्हतं,
टॉवेल मीच बांधला होता, मनातल्या मनात.
कानात कापूस होता, तरी ऐकू आलं.

तेव्हापासून पगार वाटताना मी आवाज मोजते.
एकेक जण खिडकीशी येतो.
अक्का, ॲडव्हान्स.
अक्का, पोराची फी.
अक्का, मागच्या आठवड्यातली एक पाळी राहिली बघा.
मल्लेशम, इरय्या, बालनरसू, तो नवा कांडीवाला,
सगळ्यांचे घसे सुताच्या धुळीनं बसलेले,
सगळ्यांचा एकच आवाज.

मग निवडणूक लागली, शस्त्र जमा करा म्हणाले.
ठाण्यात हवालदारानं गोळ्या मोजल्या,
चहा आला, चहा पिऊन पुन्हा मोजल्या,
आणि पावती फाडली.
लोखंडी पेटीत, कुणाच्या तरी बारा बोअरशेजारी
चिठ्ठी बांधून ठेवलं माझं,
देवळाबाहेर चपला ठेवतात तसं.

त्या शनिवारी पर्स हलकी होती.
खिडकीशी इरय्या आला. अंगठा शाईत बुडवला,
अक्का, म्हणाला,
आणि पुढचं काही बोललाच नाही.
मी मान वर केली.
हातात पेन होतं,
आणि पेनावरचं बोट
केव्हाच अर्ध्या ओढ्यावर पोचलं होतं.

त्यानं घाम पुसायला खांद्यावरचा टॉवेल ओढला.
बी ग्रेड. काठाची वीण सुटलेली.

सगळ्यांकडे तसाच आहे.
दिवाळीला मीच वाटते.